गोळी लागली

आमच्याकडं सुपारी लागते, तंबाखू लागते. नवख्या माणसानं पान खाल्लं, त्याला घाम फुटला, भोवळ आली, की बायका म्हणतात, "पान लागलं वाटतं." खुलताबादच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथं हे रोजचं बोलणं. पण शहरात, नामांतराच्या दिवसांत, संचारबंदी चालू असताना दारात उभं राहून "गोळी लागली" असं ओरडायचं नसतं, हे माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोन शब्दांवरून माझ्या वडिलांची नोकरी गेली. शब्द आईचे, पण नोकरी घेणारा माणूस वेगळा. त्या माणसावर मी कितीतरी वर्षं डूख धरला, आणि त्या डुखाच्या जोरावर डॉक्टरेट मिळवली.

संशोधनाकडं कशा वळलात असं कुणी विचारलं, तर मी कुतूहल, शिक्षकांचं प्रोत्साहन वगैरे सांगते. समारंभात तसंच सांगायचं असतं. खरं कारण सूड. मला एका माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं होतं, आणि त्यासाठी मेंदूतल्या पेशींपर्यंत जावं लागलं म्हणून मी गेले.

वडील मेंढरांमागं वाढलेले. उन्हाळ्यात कळप घेऊन सोयगावच्या बाजूला उतरायचे, पाऊस पडला की परत. त्यांचा आवाज डोंगरातला होता. ह्या कड्यावरून हाक मारली की त्या कड्यावरचं कुत्रं उठायचं. चिकलठाण्याला कारखाने उभे राहू लागले तेव्हा ते एका कारखान्यात प्रेस मशीनवर लागले. पत्रा ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, प्रेस खाली येतो आणि पत्र्याची वाटी होते. दिवसभर तेच. घरी आले तरी मोठ्यानं बोलायचे, कारण मशीनच्या आवाजात तसंच बोलावं लागतं. आमची एक खोली आणि शेजारच्या काकांची एक खोली, मधली भिंत नावालाच. काका त्याच कारखान्यात, शेजारच्याच मशीनवर. काका नामांतराच्या चळवळीतले, बौद्ध वस्तीतून आलेले. वडील आणि ते एकाच सायकलवर डबलसीट कामाला जायचे. मला दोघांच्याही घरात जेवायला मिळायचं.

कारखान्यात तपासणी झाली आणि वडिलांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. कारखान्याच्या दवाखान्यातून फुकट मिळायच्या, आणि फुकट मिळतंय म्हणजे चांगलंच असणार, असा आईचा हिशेब. ती पाण्याचा तांब्या घेऊन पुढं उभी राहायची, आणि वडील शहाण्या मुलासारखे गोळी गिळायचे.

रक्तदाब उतरला. त्याच्याबरोबर माणूसही उतरला.

आधी आवाज गेला. मग हसणं गेलं. जेवताना हात ताटातच थांबायचा आणि आईनं "अवं" म्हटलं की पुन्हा चालू व्हायचा. काही विचारलं तर उत्तर यायचं, पण आपण दुसऱ्या कामाला लागल्यावर यायचं. भिंतीकडं तोंड करून तासन्‌तास बसायचे. दुखत नव्हतं, ताप नव्हता, रडत नव्हते. सगळं जागेवर होतं, फक्त आत कुणी नव्हतं. कामावरचा फोरमन जवळ येऊन त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचा. दारूचा वास कधी आला नाही, तरी 'पिऊन येतो' ही गोष्ट मात्र पसरली. प्रेसला दोन बटणं होती म्हणून त्यांची बोटं वाचली. एक बटण असतं तर दुसरा हात खालीच राहिला असता.

असं चाललं असताना नामांतराचा वणवा पेटला. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून मोर्चे, बदलू नये म्हणून मोर्चे. खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या. शहरात संचारबंदी. कुठं गोळीबार झाला म्हणे, अशी अफवा रोज एक. खरं किती, खोटं किती, आमच्या गल्लीत कुणालाच कळायचं नाही. काका आदल्या दिवशी मोर्चात जाऊन आले होते आणि पायाला मुका मार लागला म्हणून घरात पडून होते.

सकाळची वेळ. आई वडिलांना उठवत होती आणि ते उठत नव्हते. डोळे उघडे, नजर भिंतीवर. तिनं हलवलं, पाणी मारलं, कानाशी ओरडली. शेवटी ती पदर सावरत दारात आली आणि काकूंना हाक मारली, "अक्का, पळा वं! ह्यांला गोळी लागली!"

गल्ली तिथल्या तिथं थांबली. मग एकदम दारं उघडली.

"कुठं लागली? पोटात का पाठीत?" काका लंगडत बाहेर आले.

"डोक्यात लागली वं, डोक्यात!" आई म्हणाली.

आज मी सांगू शकते की ह्या विषयावरचं ते आमच्या घरातलं पहिलं अचूक विधान होतं. पण तेव्हा मात्र चार माणसं बाज घेऊन धावली. कुणी वडिलांचे केस बाजूला करून डोकं तपासतंय, कुणी सदरा वर करून पाठ बघतंय. "रगत कुठंय? भोक कुठंय?" ह्या सगळ्या धसमुसळेपणानं वडील जरा जागे झाले आणि म्हणाले, "मला काय झालं नाय. झोप येती लई." मग आईनं पिवळ्या गोळ्यांची पुडी आणून दाखवली. काका कपाळावर हात मारून भिंतीला टेकले, आणि गल्ली हसायला लागली. मीही हसले. पण दूध घालायला आलेला माणूस पहिलीच हाक ऐकून सायकल फिरवून गेला होता. पुडी त्यानं पाहिली नाही.

संचारबंदी उठली आणि वडील कामावर गेले, तेव्हा बातमी त्यांच्या आधी पोचलेली होती. त्यांना मशीनवर जाऊच दिलं नाही, पर्सोनेल ऑफिसरच्या खोलीत बोलावलं. हा साहेब मोठ्या जमीनदार घरातला. नामांतराचं नाव काढलं की त्याच्या कपाळावर आठी यायची, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. त्या खोलीत काय झालं ते वडिलांनी आम्हाला नंतर, डोकं ताळ्यावर आल्यावर, जसंच्या तसं सांगितलं.

साहेबानं विचारलं, "मोर्चात होतास काय रे?"

वडील उत्तर जुळवत राहिले. 'नाय' हा एवढासा शब्द, पण तो तोंडापर्यंत यायला वेळ लागत होता. साहेबाला तेवढा वेळ नव्हता.

"तुला गोळी लागली म्हणतात."

हे मात्र वडिलांना समजलं. "व्हय साहेब, लागली. अजून उतरली नाय."

"बघा," साहेब शेजारच्या कारकुनाला म्हणाला, "वर तोंड करून कबूल करतोय."

झालं. वडील गेटबाहेर. त्याच आठवड्यात काकाही बाहेर. काकांना विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर जुळवलं नाही. 'होतो' म्हणाले आणि निघून आले.

वडील वाडीवर गेले, चुलत्याच्या मेंढरांमागं. कारखान्याचा दवाखाना वडिलांना बंद झाला तशी गोळीही बंद झाली. आईला भीती वाटत होती, आणि तशी ती वाटायलाच हवी, कारण अशी गोळी आपल्या मनानं एकदम सोडायची नसते. पण झालं ते असं: काही आठवडे गेले, आणि एका दुपारी कुणाच्या तरी ज्वारीत शिरलेल्या मेंढीला वडिलांनी कड्यावरून एक सणसणीत शिवी हासडली. पलीकडच्या वाडीचं कुत्रं उठून भुंकायला लागलं. आई भाकरी टाकायची सोडून चुलीपुढंच रडायला लागली. नोकरी गेली आणि माणूस परत आला. पुढं सरकारी दवाखान्यात त्यांना वेगळ्या औषधावर ठेवलं, ते त्यांना मानवलं.

माझं मात्र रक्त तापलेलंच राहिलं. 'पिऊन पडायचा' आणि 'दंगलीत होता' अशी दोन बिरुदं वडिलांच्या नावाला चिकटली होती. पाहुण्यांत माझ्या लग्नाचा विषय निघाला की कुणीतरी ती हळूच काढायचं. वडील म्हणायचे, "जाऊ दे की." त्यांचा स्वभावच तसा. माझा नाही. मी ठरवलं की त्या साहेबाच्याच तोंडून हे वदवून घ्यायचं, आणि चारचौघांत. कसं, ते माहीत नव्हतं.

ते मला कॉलेजच्या वर्गात, पंख्याच्या खडखडाटात सापडलं. सर सांगत होते, औषध पोटात गेलं की ते आहे तसं राहत नाही. शरीर त्याला मोडतं, बदलतं. पुष्कळदा मोडलेला तुकडा निरुपयोगी होऊन लघवीवाटे निघून जातो. पण कधी कधी खरं काम तो तुकडाच करतो, आणि काही औषधांचे तुकडे मेंदूतल्या निरोप्यांची जागा घेतात. मी ताठ बसले. तास संपल्यावर सरांना गाठून विचारलं, "सर, ब्लडप्रेशरच्या पिवळ्या गोळीचा तुकडा काय करतो?" सर हसले. म्हणाले, "हा प्रश्न धरून ठेवा." त्यांना काय माहीत, मी सोडणाऱ्यातली नव्हेच.

पुढं त्याच सरांच्या हाताखाली विद्यापीठात माझं काम सुरू झालं. काम म्हणजे पांढरे उंदीर, काचेच्या नळ्या आणि बर्फ. उंदराला औषध द्यायचं, ठरलेल्या वेळानं त्याचा मेंदू काढायचा, लगेच बर्फावर ठेवायचा आणि त्याच्या वेगवेगळ्या भागांत कोणतं रसायन किती उरलंय ते मोजायचं. उशीर झाला, बर्फ वितळला, की पेशींतली रसायनं पार बदलून जातात आणि सगळी मेहनत पाण्यात. बर्फ मी गुलमंडीतल्या एका सरबतवाल्याकडून आणायची, पोत्यात, लाकडाच्या भुश्यात गुंडाळून. सायकल काकांची. नोकरी गेल्यावर त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तिच्या मागच्या कॅरिअरला त्यांनी पोत्यासाठी जाळी बसवून दिली होती आणि दर वेळी हवा भरून ठेवायचे. आणि मी विद्यापीठाशी पोहोचायची तेव्हा कधी गेटवर मोर्चा, कधी बंद, कधी पोलीस. नामांतराचं भिजत घोंगडं वर्षानुवर्षं पडलेलं. घोषणा ऐकू आल्या की माझ्या डोक्यात एकच विचार, बर्फ वितळतोय. ह्या मोर्च्यांपायीच माझ्या बापावर आळ आला, असाही एक राग मनात होता.

काय सापडलं ते सोप्या भाषेत सांगते. मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना निरोप पाठवतात ते रसायनांच्या हाती. हे निरोपे पेशीच्या टोकाला बारक्या पिशव्यांत भरून ठेवलेले असतात. निरोप धाडायची वेळ आली की पिशवी फुटते, निरोप्या पलीकडच्या पेशीवर जाऊन घंटी दाबतो. ती पिवळी गोळी स्वतः फारसं काही करत नाही. पण ती मेंदूत पोचली की पेशी तिला आपलाच माल समजते. ज्या पायऱ्यांनी ती स्वतःचा निरोप्या घडवते, त्याच पायऱ्यांनी ती गोळीलाही घडवत नेते. शेवटी जो तुकडा तयार होतो तो दिसायला थेट निरोप्यासारखा. तो खऱ्या निरोप्याच्या पिशवीत जाऊन बसतो आणि खऱ्याला बाहेर काढतो. वेळ आली की हाच बाहेर पडतो. आणि पेशीवर 'बास, पुरे' सांगणारी जी घंटी असते, ती हा खऱ्यापेक्षा जोरात दाबतो. मग पेशी निरोप पाठवायचंच कमी करते. रक्तदाब उतरतो तो ह्यामुळंच. आणि काही माणसांत त्याबरोबर आवाज, हसू, उत्तर द्यायची इच्छा, हेही उतरतं.

गुन्हेगार तुकडाच आहे, हे पक्कं करायला एक प्रयोग केला. गोळीचा तुकडा होऊच द्यायचा नाही, अशी व्यवस्था दुसऱ्या एका औषधानं केली. मग गोळी देऊनही उंदीर ताठ, मिशा फेंदारून पिंजऱ्यात फिरतोय. मी त्या उंदराकडं बघत बसले आणि मनात म्हटलं, आता ये म्हणावं साहेबाला. मूळ गोष्ट बाहेरच्या देशांतल्या लोकांना आधीच माहीत होती, आम्ही काही नवा खंड शोधला नव्हता. मेंदूच्या कोणत्या भागात हा तुकडा किती साचतो, एवढंच माझं. पण मला तेवढं पुरे होतं.

आणि मला ते फार ओळखीचं वाटत होतं. आईचा शब्दही असाच मोडला होता. तिच्या तोंडातून निघाला तेव्हा त्याचा अर्थ एक, कारखान्यात पोचला तेव्हा दुसरा, आणि तो दुसराच खऱ्याच्या जागी जाऊन बसला. फरक एवढाच की उंदराच्या पेशीला कळत नव्हतं, साहेबाला कळून घ्यायचं नव्हतं.

प्रबंधाची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. मी त्या साहेबाच्या बंगल्यावर स्वतः बोलवायला गेले. तो निवृत्त झाला होता, शहरात वजन होतं, कुठल्या कुठल्या शिक्षणसंस्थेवर होता. म्हटलं, "तुमच्या कारखान्यातल्या एका कामगाराची मुलगी आहे, आशीर्वादाला या." त्याला भरून आलं. कोणता कामगार, हे त्यानं विचारलं नाही. मी परत येताना सायकलवर गाणं म्हणत आले.

त्या दिवशी वडील पांढरं मुंडासं बांधून, खांद्यावर घोंगडी टाकून आले. आई आली. काका दुकान बंद करून आले आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. साहेब पहिल्या रांगेत. मी पेशी सांगितल्या, पिशव्या सांगितल्या, तुकडा सांगितला. परीक्षकांचे प्रश्न झाले. मग मी म्हटलं की हे सगळं कशासाठी, तेही सांगते. एक प्रेस मशीनवरचा कामगार, त्याची गोळी, त्याच्या बायकोची हाक, त्याची झाडाझडती, त्याचं उत्तर. "अजून उतरली नाय" हे मी वडिलांच्याच सुरात म्हटलं. सभागृह आधी हसलं, मग पुढं सरकून ऐकायला लागलं. मी साहेबाच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. त्याचा रंग कसा उतरत गेला, ते मला अजून पाठ आहे. मला फार बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

चहाच्या वेळी मी वडिलांना हाताला धरून त्याच्यापुढं उभं केलं. "साहेब, तो कामगार म्हणजे हे, माझे वडील."

सगळे बघत होते. माणूस मुरलेला, प्रसंग ओळखणारा. त्यानं हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्याकडून मोठी चूक झाली. गोळी म्हणजे औषधाची गोळी. हे मोर्चात नव्हतेच. एका निर्दोष माणसाला मी कामावरून काढलं." 

शब्दन्‌ शब्द मला हवा तसा. आईनं पदर डोळ्याला लावला. सर मान डोलावत होते. मी वडिलांकडं पाहिलं, आता ते 'जाऊ द्या साहेब' म्हणणार, असं गृहीत धरून.

वडिलांनी मुंडासं सारखं केलं, घोंगडी खांद्यावर नीट घेतली. ही दिरंगाई गोळीची नव्हती, त्यांची स्वतःची होती. त्यांनी मागं वळून पाहिलं. काका भिंतीशी बशीत चहा ओतून पीत होते. वडील गेले, त्यांच्या हाताला धरून त्यांना पुढं घेऊन आले. बशी हिंदकळली.

"ह्यो मोर्चात हुता," वडील म्हणाले. आवाज कारखान्यातला, मशीनवर मात करणारा. "त्याच आठवड्यात ह्यालाबी काढलं तुमी. मी निर्दोष, कारन मला औषधाची गोळी लागली. मग ह्याला कशाची लागली हुती साहेब? ह्याचा काय दोष हुता, तेवढं सांगा."

  साहेबानं माझ्याकडं पाहिलं, सकाळपासून सगळ्या प्रश्नांना उत्तरं देणारी मीच होते म्हणून असेल. मी काकांकडं बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांची सायकल वापरली होती, त्यांच्याबद्दल हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. बाहेर कुठंतरी घोषणा चालू होत्या, नाव अजून बदललेलं नव्हतं.

जवळच एक रिकामी खुर्ची होती. साहेबानं बसायला म्हणून तिच्याकडं हात नेला, ते मला दिसलं. मी ती खुर्ची ओढून घेतली आणि काकांना बसायला दिली. साहेब उत्तर जुळवत उभा राहिला.